अंगणातून आलेली ओ

ही घडलेली गोष्ट आहे. करमणूक म्हणून वाचायची असेल त्यांनी खुशाल वाचावी. पण खाली "कल्पना छान आहे भाऊ" असं लिहू नका, एवढीच विनंती. जिच्यावर हे बेतलं ती माझी सख्खी भाची आहे.

आणि ती जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत भलतीच भीती धरून बसाल.

भीती वेगळीच आहे.

मध्यरात्र, वादळ, गेलेली वीज, यातलं इथे काहीच नाही. रविवारची दुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. जागा म्हणजे चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या एका कंपनीचा पहिला मजला. एका बाजूला काचा घासायचा मोठा हॉल, त्याला लागून कॉम्प्युटरची अरुंद खोली, आणि मध्ये काचेचं दार. सुट्टी असल्यामुळे हॉल बंद होता. घासायची यंत्रं प्लास्टिकखाली झाकून ठेवली होती. फरशीवर काचेच्या भुकटीचा पांढरा थर वाळून बसला होता.

त्या खोलीत एकटेच बसले होते आमचे भावोजी.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. त्या कंपनीतले कॉम्प्युटर ते सांभाळतात. मीही याच धंद्यात आहे, दुसऱ्या ठिकाणी. मला हे काम शिकवलं त्यांनीच, अगदी कान पकडून. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते बरंचसं त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि थोडं मी स्वतः पाहिलेलं.

आधी त्या कंपनीतली एक लाडिक पद्धत सांगायला हवी.

प्रत्येक कॉम्प्युटरला एक नाव द्यावं लागतं. त्याला होस्टनेम म्हणतात. कुणी ग्रहांची नावं देतं, कुणी नद्यांची, तर रुक्ष माणसं नुसते आकडे टाकतात. इथे स्टाफच्या मुलांची लाडाची नावं द्यायचे. पॅकिंगवाल्या दादांच्या मुलाच्या नावाने एक, हिशोब बघणाऱ्या बाईंच्या मुलीच्या नावाने एक. नवीन मशीन आलं की आता नंबर कुणाच्या पोराचा, यावर चहाच्या वेळी चक्क भांडणं व्हायची.

मग दिवसभर काय ऐकू येणार?

"पिंकी सकाळपासून फुगून बसलीय."

"गोट्याला जरा बंद करून चालू करा हो, आज फारच आळशीपणा करतोय."

"चिमीने दोन ऑर्डरी गिळल्या!"

चिमी म्हणजे माझी भाची. भावोजींची एकुलती एक. तिचं नाव होतं दुकानांकडून येणाऱ्या ऑर्डरी घेणाऱ्या मशीनला, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या मशीनला. बाप कॉम्प्युटर सांभाळणारा, तो आपल्याच लेकीला पुढे करणार. यावरून त्यांची चेष्टाही भरपूर व्हायची.

आता नाव झालं, की आडनाव आलं. मशीन कुठल्या घरातलं, हे सांगणारं ते आडनाव म्हणजे डोमेन. नियम असा, की डोमेन रीतसर स्वतःच्या नावावर घ्यावं आणि मगच लावावं. पण ऑफिसच्या चार भिंतींच्या आत कोण बघतंय? लोक मनाला येईल ते आडनाव ठोकून देतात. भावोजींनीही तेच केलं होतं. पहिल्या दिवशी मशीनने डोमेन विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "एवढी पोरं जमलीत, खेळणार कुठे? अंगणात!"

आणि त्यांनी टाईप केलं... अंगण.

झालं. गोट्या डॉट अंगण. पिंकी डॉट अंगण. चिमी डॉट अंगण. वर्षानुवर्षं ही मशिनं एकमेकांना याच नावाने हाका मारत होती.

हो, हाकाच. एका मशीनला दुसरं हवं असलं की ते नाव पुकारतं. तिकडून उत्तर आलं की काम पुढे सरकतं. यात एक बारीकशी गोष्ट आहे. प्रत्येक मशीनमध्ये होस्ट्स नावाची छोटी फाईल असते. तिच्यात घरच्यांची नावं आणि पत्ते लिहायचे. नाव पुकारलं की मशीन आधी त्या फाईलमध्ये बघतं. तिथे सापडलं, तर प्रश्न मिटला. नाही सापडलं, तर ते बाहेर विचारत जातं.

आपल्या घराबाहेर... जगात कुठेही.

भावोजींनी त्या फाईलमध्ये, सगळ्या मशीनवर, फक्त चिमीचं नाव लिहून ठेवलं होतं. ऑर्डरींचं मशीन कुठल्याही परिस्थितीत सापडलं पाहिजे म्हणून. बाकीच्या पोरांची नावं सांगायला कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर होता, नुसता डबा. तो महिन्यातून दहादा मान टाकायचा. त्याने मान टाकली, की गोट्या-पिंकीच्या हाका जायच्या बाहेर. तिथे कुणीच नाही म्हटल्यावर त्या विरून जात असतील, असं भावोजींना वाटायचं. कुणालाही वाटलं असतं.

त्याच सुमाराला जेवणाच्या सुट्टीत एक तक्रार सुरू झाली होती.

"आमच्या पिंकीला हल्ली हाक मारली तर ढिम्म हलत नाही," हिशोबवाल्या बाई म्हणायच्या. "खांद्याला हात लावला की मग वळते. कान तपासून आणले. डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहेत."

"आमचा गोट्या तरी काय करतो?" पॅकिंगवाले दादा म्हणायचे. "घसा फुटेस्तोवर ओरडा, बघायला तयार नाही. मोबाईल! दुसरं काय?"

"आमची चिमी बरी," भावोजी कॉलर ताठ करून म्हणायचे. "एका हाकेत ओ देते. वरून 'काय कटकट आहे' म्हणून डोळे वटारते."

सगळे हसायचे. मुलं हाकेला ओ देत नाहीत, यात कुणाला काय वावगं वाटणार?

तर तो रविवार. मोठ्या साहेबांनी कंपनीच्या नावाचं खरंखुरं डोमेन विकत घेतलं होतं. सगळ्या मशिनांचं आडनाव बदलायचं काम भावोजींनी सुट्टीच्या दिवशी काढलं, म्हणजे कुणाचा खोळंबा नको. खाली गेटवरचे काका वर्तमानपत्र घेऊन बसलेले. वर भावोजी, त्यांचा लॅपटॉप, आणि एसीतून बादलीत पडणारं पाणी.

टप... टप...

काम सोपं होतं. एकेका मशीनवर जायचं. नावाच्या फाईलमध्ये नवं आडनाव लिहायचं. होस्ट्स फाईलमधली जुनी ओळ पुसायची. कुणाला विचारायचं ते नव्याने सांगायचं. बंद करून चालू करायचं. पुढचं मशीन.

चिमी डॉट अंगण ही ओळही त्यांनी पुसली. सगळ्या मशीनवरून. शेवटी स्वतःच्या लॅपटॉपवरून.

शीळ घालत पुसली, असं ते मला म्हणाले. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मग त्यांनी तो जुनाट डबा कायमचा बंद केला आणि तपासणीला बसले. जुनी नावं आता मेली पाहिजेत. लॅपटॉपवर त्यांनी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. जुन्या नावांनी आळीपाळीने हाक मारायची आणि मारतच राहायची. प्रत्येक वेळी उत्तर यायला हवं, "असं नाव अस्तित्वात नाही."

पहिली हाक गेली गोट्याला.

स्क्रीनवरची रेघ लुकलुकत राहिली. जरा जास्तच वेळ.

आणि मग... उत्तर आलं.

गोट्या डॉट अंगण, हजर.

भावोजींना वाटलं, डबा नीट बंद झाला नाही. त्यांनी उठून त्याची पिनच काढली.

पिंकीला हाक गेली. पुन्हा तोच थांबा... आणि पिंकी हजर.

पत्ता पाहिला. तो ऑफिसातला नव्हता. नेटवर जे पत्ते असू शकतात त्यांतलाही नव्हता. दोघांचा पत्ता एकच होता.

तिसरी हाक चिमीला. "असं नाव अस्तित्वात नाही."

भावोजी डोकं खाजवत बसले. कुणीतरी बाहेर हे आडनाव विकत घेतलं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. असं होतं. काही जण काहीही विचारलं तरी हो म्हणणारी यंत्रं लावून ठेवतात. म्हणून त्यांनी हाताने भलतीच नावं टाकून पाहिली. बंटी. राजा. छकुली. मग नुसतीच वेडीवाकडी अक्षरं.

नाही. नाही. नाही. नाही.

तिकडे जो कोणी होता, तो फक्त गोट्या आणि पिंकीला ओळखत होता.

त्यांनी बाहेरच्या नेटची वायर उपटली. वायफाय बंद केलं. लॅपटॉप आता कशालाच जोडलेला नव्हता. प्रोग्रॅम आपला चालूच होता.

गोट्या... हजर.

पिंकी... हजर.

आणि तेव्हा त्यांना बंद हॉलमधून आवाज आला.

अनवाणी पायांचा. धावण्याचा. लहान मुलं दुपारी अंगणात पळतात ना, तसा.

भावोजी काचेच्या दाराशी गेले. आत कुणी नव्हतं. फरशीवरची पांढरी भुकटी तशीच सपाट होती. पाऊल सोडा, बोट उमटल्याचीही खूण नव्हती. त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली, "काका, वर कुणी पोरं आलीत का हो?"

"रविवारी कुठली पोरं, साहेब?" काका वर न बघताच म्हणाले.

भावोजी परत येऊन बसले. गोट्या हजर. धावण्याचा आवाज. पिंकी हजर. पुन्हा आवाज. चिमी, असं नाव अस्तित्वात नाही. शांतता.

आणि त्यांना जेवणाच्या सुट्टीतली ती तक्रार आठवली.

 त्या होस्ट्स फाईलमध्ये चिमीचं नाव होतं, म्हणून तिला मारलेली हाक आजवर कधीच बाहेर गेली नव्हती. गोट्या आणि पिंकीची जात होती. आणि आता तीच ओळ त्यांनी पुसली होती. त्यांचाच लॅपटॉप त्यांच्याच लेकीला तिकडे हाका मारत होता.

अशा वेळी माणसाने काय करावं? प्रोग्रॅम बंद करावा. हे तुम्हाला सुचतंय, मला सुचतंय. पण बापाला त्या क्षणी आधी लेकीचा आवाज ऐकायचा होता. त्यांनी फोन लावला. ताईने उचलला.

"अगं, चिमी कुठाय?"

"आहे की इथेच. भिंत रंगवतेय. मी काही बोलत नाहीये, संध्याकाळी तुम्हीच पुसा."

"तिला हाक मार."

"अहो, समोर तर बसलीय. हाक कशाला?"

"मार ना गं!"

ताईने मारली. आणि फोनमधून तो आवाज आला, खणखणीत, थोडासा वैतागलेला.

"ओऽऽ! काय आहे?"

भावोजींचा जीव भांड्यात पडला. ते खुर्चीत मागे रेलले. चिमीने फोन हिसकावून घेतला असणार, कारण लगेच तिची बडबड सुरू झाली.

"बाबा, मी घोडा काढलाय. त्याला पाच पाय आहेत."

"पाचवा कशाला गं?"

"एक पाय दमला की वापरायला. बाबा, तुम्ही येताना मला हिरवा खडू आणा. हिरवा संपला. आणि आई म्हणते की..."

भावोजींची नजर स्क्रीनवर गेली.

चिमीची पाळी होती. "असं नाव अस्तित्वात नाही" हे यायला हवं होतं.

आलं नाही.

रेघ लुकलुकत होती... थांबली होती... वाट बघत होती...

त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवर आपटले. प्रोग्रॅम थांबला. पण त्याआधी एक ओळ उमटली होती.

चिमी डॉट अंगण, हजर.

फोनमध्ये बोलणं तुटलं. फोन कट झाला नव्हता. घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. फक्त वाक्य अर्धं राहिलं होतं.

"चिमी?" भावोजी म्हणाले. "चिमी, आई काय म्हणते?"

"अगं चिमी, बोल ना, बाबा विचारतायत," मागून ताई म्हणाली. "चिमी? ए चिमे!"

काहीच नाही.

आणि मग त्यांच्या पाठीमागून, काचेच्या दारापलीकडून, त्या बंद हॉलमधून...

"ओऽऽ! काय आहे?"

भावोजी दार ढकलून आत घुसले. एकेका यंत्रावरचं प्लास्टिक ओढून काढलं. टेबलांखाली वाकून पाहिलं. "चिमी, चिमी" करत मोठा माणूस त्या पांढऱ्या भुकटीत रांगत होता. काका जिन्यावरून धावत आले, तेव्हा भुकटीवर उमटलेले पाय फक्त भावोजींचे होते.

ते घरी पोचले. चिमी भिंतीपाशी बसली होती. घोड्याच्या पाचव्या पायात रंग भरत होती.

"चिमी," त्यांनी हाक मारली.

तिने मान वर केली नाही.

खांद्यावर हात ठेवल्यावर ती वळली. हसली. "बाबा, हिरवा खडू आणला?" म्हणाली. सगळं ठीक होतं. जेवली, झोपली, सकाळी शाळेत गेली. फक्त तिचं नाव तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. आजही पोचत नाही. तुझं नाव काय, असं विचारलं तर ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहते, जणू तोच आता सांगेल.

भावोजींनी त्याच संध्याकाळी ती ओळ पुन्हा लिहिली. सगळ्या मशीनवर लिहिली. पण हाक आता फाईलकडे बघतच नाही, थेट तिकडे जाते. मी शंभर वेळा डोळ्यांनी पाहिलंय. असं होऊ शकत नाही. पण होतं.

कानाचे डॉक्टर झाले. मनाचे डॉक्टर झाले. डोमेन विकणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, हे आडनाव कुणाकडेच नाही, ते विकतच मिळत नाही. मी माझ्या ऑफिसातून हाका मारून पाहिल्या. असं नाव अस्तित्वात नाही. उत्तर येतं ते फक्त भावोजींच्या लॅपटॉपवर, मग तो नेटला जोडलेला असो वा नसो.

पहिले काही दिवस भावोजी लॅपटॉप बंदच करत नसत. ताईपासून लपून, माजघरातल्या कपाटाशी बसून हाका मारत. कारण लेक ओ देत होती ती फक्त तिथे. बाप दुसरं काय करणार, तुम्हीच सांगा.

मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली.

प्रत्येक उत्तरासोबत ते यायला किती वेळ लागला, तो आकडाही स्क्रीनवर येतो. जवळच्या मशीनचं उत्तर पापणी लवायच्या आत येतं. जितकं लांब, तितका वेळ जास्त. धंद्यातलं अगदी पहिल्या दिवशी शिकवतात ते हे.

चिमीचा आकडा वाढत होता.

रोज थोडा. प्रत्येक हाकेनंतर थोडा.

गोट्याचा तर इतका वाढला, की एका सकाळी उत्तरच आलं नाही. त्याच दिवशी पॅकिंगवाले दादा कामावर आले नाहीत. गोट्याने बोलणं सोडलं होतं. खांद्याला हात लावला तरी वळत नव्हता. जेवण भरवावं लागत होतं. दादांनी पुढे नोकरी सोडली आणि मुलाला घेऊन गावी निघून गेले. भावोजींनी त्यांना सगळं सांगितलं होतं. दादा रागावले नाहीत. "साहेब, तुम्ही थकलाय, थोडी सुट्टी घ्या," एवढंच म्हणाले. पिंकीच्या आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय?

भावोजींनी हाका बंद केल्या. प्रोग्रॅम पुसून टाकला. लॅपटॉप फोडायला घेतला होता, मग हात खाली आला. फोडला तर तेवढाही धागा तुटेल, या भीतीने.

मग मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. लॅपटॉप कपाटावर उघडा पडला होता. त्यावर कुठलाही प्रोग्रॅम चालू नव्हता, मी स्वतः बघितलं. ताई स्वयंपाकघरात होती. सवयीने तिने आतून हाक मारली, "चिमी, पानं घेतलीत गं, ये!"

चिमी माझ्या समोर बसली होती. चित्र काढत होती. ढिम्म हलली नाही.

आणि कपाटावरच्या स्क्रीनवर... एक ओळ आपोआप उमटली.

चिमी डॉट अंगण, हजर. पुढचा आकडा आदल्यापेक्षा मोठा होता.

भावोजींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.  म्हणजे मशीनने हाक मारायचीही गरज उरली नव्हती. घरातल्या कुणीही मारली, तरी ती तिकडेच जात होती, आणि पोरीला आणखी लांब ढकलत होती.

त्या दिवसापासून त्या घरात चिमीला कुणी नावाने हाक मारत नाही. शाळेत सांगून ठेवलंय, हजेरीला नाव घेऊ नका. बाई विचित्र नजरेने बघतात, पण ऐकतात. सहा वर्षांची मुलगी घरात वावरतेय, आणि आईबाप तिचं नाव तोंडातून निसटू नये म्हणून दात आवळून बसलेत. मला त्या घरी जायचं म्हटलं की रडू येतं. आधी मी दारातूनच ओरडायचो. आता गुपचूप आत जातो आणि तिच्या खांद्याला हात लावतो.

इथे संपलं असतं, तर मी तुम्हाला हे लिहिलं नसतं.

गेल्या महिन्यात भावोजींचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"अरे, त्या लॅपटॉपवर तिकडून विचारणा येतेय."

"तिकडून म्हणजे?"

"त्याच पत्त्यावरून. आजवर आपण नाव विचारत होतो. आता तिकडून कुणीतरी आपल्याला नाव विचारतंय. रोज दुपारी. सारखं सारखं."

"कुठलं नाव?"



"आई," ते म्हणाले. "आई डॉट अंगण."

त्या नावाचं मशीन आमच्याकडे कधीच नव्हतं. फाईलमध्ये अशी ओळ नाही. त्यामुळे लॅपटॉप नियमाप्रमाणे उत्तर देतो. प्रत्येक वेळी, न चुकता. असं नाव अस्तित्वात नाही. असं नाव अस्तित्वात नाही.

"एक ओळ लिहिली तर तिला उत्तर मिळेल रे," भावोजी म्हणाले. ते रडत होते. "पण मग तुझी ताई..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. मला कळलं होतं. ताईचं नाव तिकडे गेलं, की ताईही गेली. आणि नाही लिहिली, तर माझी भाची कुठेतरी उन्हात उभी राहून आईला हाका मारतेय, आणि आमचंच मशीन तिला सांगतंय की तुला आई नाही.

ताईला यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. लॅपटॉप भावोजींनी ऑफिसात नेऊन कुलपात ठेवला. माझी समजूत अशी होती की ताईला फक्त हाकांचं माहीत आहे, विचारणेचं नाही.

परवा दुपारी ताईचा फोन आला. तिला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नाही. आयुष्यात तिने कधी या विषयावर एक शब्द विचारला नव्हता. इकडचं तिकडचं बोलली. माझ्या तब्येतीचं विचारलं. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली,

"का रे, त्या तुमच्या फाईलमध्ये नवीन नाव लिहायचं असेल, तर कसं लिहितात?"

 मी म्हटलं, "मला नाही येत गं ताई. ते भावोजींनाच माहीत."



"बरं," ती म्हणाली. "शिकेन मी."